पहिला खिळा, शेवटची तारीख

सूर्यभानरावांचा देवावर विश्वास नव्हता, मुहूर्तावर नव्हता, मांजर आडवं गेल्यावर तर ते मुद्दाम दोन पावलं पुढं जात. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, तो म्हणजे मुदतवाढीवर.

शहरातल्या हिमायतनगर भागात, सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर ज्याचे केस पांढरे झाले, त्याचा दुसऱ्या कशावर विश्वास बसणार? शेवटची तारीख कधीच शेवटची नसते, हे त्यांनी याची देही याची डोळा बघितलं होतं. कसलीही मुदत संपत आली की अख्खी कचेरी त्यांच्या टेबलाशी गोळा व्हायची आणि तिथल्या दखनी हिंदीत विचारायची, "सूर्यभान साब, बढ़ती क्या?" सूर्यभानराव चष्मा काढत, पुसत, खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "बढ़ती." आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती वाढायचीच. (एकदा वाढली नव्हती. पण त्या दिवशी सूर्यभानराव रजेवर होते, त्यामुळे ती धरायची नाही.)

असा हा माणूस, आणि ऐन वेळी त्याची श्रद्धा डळमळली. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

झालं होतं असं की सूर्यभानरावांनी मलकपेठेत फ्लॅट घेतला होता. म्हणजे कागदोपत्री मनकर्णाबाईंनी घेतला होता. त्या सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर, त्यांचा पगार मोठा, बाईच्या नावानं घर घेतलं की बरं पडतं असंही कुणीतरी सांगितलेलं. तेव्हा मालकीण त्या आणि सूर्यभानराव मालकिणीचे यजमान. फ्लॅट नवव्या मजल्यावर. बाल्कनीतून रेसकोर्स दिसायचा. सकाळी तिथं घोडे फिरवायला आणायचे, आणि नवव्या मजल्यावरून ते आवाज न करता पळताना दिसायचे. ताब्याची चावी मिळाली त्या दिवशी सूर्यभानराव एकटेच तिथं जाऊन उभे राहिले होते. तिकडं नांदेडकडं, बिलोलीच्या बाजूला गावाबाहेरच्या वस्तीत, एका खोलीत सात माणसांत वाढलेला हा माणूस. रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी हळूच "ओ" म्हणून बघितलं, तर भिंतींनी उलट "ओ" दिली. आपल्या घरानं आपल्याला ओ दिली! ते घाईघाईनं बाहेर गेले, चप्पल काढली आणि पुन्हा आत आले.

तर या नव्या घराला सरकारनं एक गाजर दाखवलं होतं. पहिलं घर घेणाऱ्याला घरपट्टीत निम्मी सूट. पण सूट तात्पुरती, आणि अट अशी की एकतीस मार्चच्या आत घरात स्वतः राहायला गेलेलं असलं पाहिजे आणि पालिकेच्या माणसानं येऊन ते डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

"मग जाऊ की आठ दिवसांत राहायला," सूर्यभानराव म्हणाले.

"चौदा एप्रिलला जायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"का? आपण मुहूर्त मानत नाही."

"मुहूर्त कोण म्हणतंय? जयंती आहे."

"तारीख बघून गृहप्रवेश करायचा म्हणजे मुहूर्तच झाला ना!"

"अहो, मुहूर्त पंचांगात असतो. ही सरकारी सुट्टी आहे."

सूर्यभानरावांनी पेपर उघडला. मनकर्णाबाईंच्या बोलण्यानंतर ते बहुधा पेपरच उघडत.

खरं म्हणजे त्यांचं म्हणणं सूर्यभानरावांना आतून कळत होतं. चिक्कडपल्लीच्या आताच्या भाड्याच्या घरात बाबासाहेबांचा मोठा, काचेचा फोटो होता. मनकर्णाबाईंच्या वडिलांनी दिलेला. लग्नापासून तो त्यांच्याबरोबर सहा घरं फिरला होता, पण भिंतीवर एकदाही लागला नव्हता. एका मालकाला भिंतीला खिळा चालत नव्हता, दुसऱ्याला खिळा चालत होता पण फोटो चालत नव्हता. तो कायम कपाटावर, ट्रंकेवर, फ्रिजवर टेकून उभा असायचा. तेव्हा मनकर्णाबाईंनी ठरवून टाकलं होतं की नव्या घरात सगळ्यांच्या आधी हा फोटो आत जाणार. भंतेजी येणार, सगळे त्रिशरण-पंचशील घेणार. आणि घरातला पहिला खिळा फोटोचा. तोवर त्या स्वतःसुद्धा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नव्हत्या. फ्लॅट पसंत करताना आत फिरल्या होत्या तेवढंच. चावी मिळाल्यापासून नाही.

"सूट गेली तर जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

"जात नाही. मुदत वाढते," सूर्यभानराव म्हणाले आणि निर्धास्त झाले.

ते निर्धास्तच राहिले असते. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचे लक्ष्मणराव, जे वर्षानुवर्षं डबा उघडण्यापलीकडे तोंड उघडत नव्हते, ते अचानक म्हणाले, "साब, इस बार नहीं बढ़ती."

"कौन बोला?"

"ऊपर से सुना."

ऊपर म्हणजे नक्की किती ऊपर, हे विचारायचं धैर्य सूर्यभानरावांना झालं नाही. ते दिवसभर कसनुसे झाले. देव मानणाऱ्याचा देव गेला तर तो निदान दुसरा धरतो. यांनी काय धरावं? शेवटी दुपारी चहाच्या वेळी त्यांनी मोबाइल काढला, पालिकेच्या ॲपवर 'स्वतः राहतो' यावर बोट टेकवलं आणि तपासणी मागितली. एकतीस मार्च, दुपारी तीन. एवढंसं बोट, पण ते टेकलं आणि संसार हलायला लागला.

रूपालीला सांगावंच लागलं. ही त्यांची मुलगी, घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची.

"पप्पा, ये तो फ्रॉड है," ती म्हणाली.

"फ्रॉड काय त्यात? ॲडव्हान्स आहे. पंधरा दिवसांनी जे खरं होणार ते आज सांगायचं."

"ममीला सांगितलं?"

"ममीला चौदा तारखेनंतर सांगू."

"नक्को पप्पा, मेरेकू डर लगता."

"मला लागत नाही काय?" सूर्यभानराव म्हणाले.

मग त्यांनी विचार केला की घरात माणसं राहतात हे कशावरून दिसतं? कचेरीत बसून त्यांनी डोळे मिटले आणि आपलं घर मनात आणलं. पोळपाट. लोणच्याची बरणी. वाळत टाकलेली साडी. दाराबाहेर वाकड्यातिकड्या चपला. ग्लासात उभे ब्रश. आरशाच्या कोपऱ्याला चिकटवलेली टिकली. बघता बघता त्यांना नवल वाटायला लागलं. इतकी वर्षं आपण या सगळ्यातून रोज जातो-येतो, आणि हे सगळं मिळून घर असतं हे कुणी आपल्याला सांगितलंच नाही! रोज संध्याकाळी एक पिशवी भरून ते मलकपेठेला नेऊ लागले.

तीनच दिवसांत मनकर्णाबाई म्हणाल्या, "अहो, घरात चोर येतोय."

सूर्यभानरावांचा घास हातात राहिला. "काय गेलं?"

"पोळपाट."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही समोर आहे तुमच्या. पोळपाट गेला, लोणचं गेलं, माझी मोरपंखी साडी गेली. कप गेले. किती? दोन." त्यांनी वरणाचा डाव हातात धरून नवऱ्याकडे बघितलं. वॉर्डात खोटं पोट दुखणाऱ्या पेशंटकडे त्या असंच बघत असणार. "एक कप गेला असता तर चोर म्हटलं असतं. दोन कप आणि साडी म्हणजे कुणीतरी कुठंतरी संसार मांडतंय."

सूर्यभानरावांना ठसका लागला. (खरं सांगायचं तर त्या ठसक्यात थोडी खुशीही होती. या वयात, या पोटासकट, आपल्यावर असा संशय घ्यावा!)

एकतीस मार्च उजाडला. सूर्यभानरावांनी अर्धी रजा टाकली आणि ऑटोत उरलंसुरलं घालून रूपालीसह फ्लॅटवर पोचले. चपला मांडल्या, साडी बाल्कनीत टाकली, आरशाला टिकली चिकटवली. रूपाली लॅपटॉप घेऊन सतरंजीवर बसली. तरी काहीतरी कमी वाटत होतं.

"कॅलेंडर पाहिजे पप्पा," रूपाली म्हणाली. "बिना कॅलेंडर का घर कहाँ रहता?"

खरंच होतं. सूर्यभानरावांनी खालच्या किराणा दुकानातून कॅलेंडर, हातोडी आणि पुडाभर खिळे आणले. हॉलची मोठी भिंत निवडली आणि खिळा ठोकायला लागले. पण आजकालच्या इमारती! भिंत सगळी सिमेंट-काँक्रीटची. पहिला खिळा वाकला, दुसरा उडाला, तिसरा बाल्कनीतून रेसकोर्सच्या दिशेनं गेला. पुढचा घाव अंगठ्यावर बसला, आणि तेवढाच काय तो नेमका बसला. शेवटी कॅलेंडर सुतळीनं खिडकीच्या कडीला बांधलं आणि भिंतीवर लोंबत सोडलं. लांबून बघितलं तर टांगल्यासारखंच दिसत होतं.

तीनच्या ठोक्याला बेल वाजली. पालिकेच्या सुजाता मॅडम आल्या होत्या. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाइल, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की सकाळपासून त्यांनी शंभर थापा ऐकल्या असाव्यात.

त्या नुसत्या बघत फिरल्या. त्यांची नजर ज्या ज्या वस्तूवर पडायची ती ती वस्तू सूर्यभानरावांना खोटी दिसायला लागायची. मुदतवाढ सोडली तर त्यांना आयुष्यात इतका दरारा कशाचा वाटला नव्हता.

"गॅस किधर है साब?"

"आज उपवास है."

"गॅस का?"

मॅडम बाल्कनीत गेल्या. "ये साड़ी कब धोए?"

"सुबह."

"इस्त्री है इसको."

"हमारे इधर... इस्त्री कर को सुखाते."

रूपालीनं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मॅडम हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. चारी बाजूंना एकदा बघून म्हणाल्या, "अम्मा की साड़ी है, अम्मा का लोणचा है, बेटी की चप्पल है, बेटी का ब्रश है. आप का क्या है साब इधर?"

सूर्यभानरावांनी डोळे भरून सगळं घर बघितलं. मोठ्या मेहनतीनं, प्रेमानं त्यांनी ते मांडलं होतं. त्यात त्यांचं स्वतःचं काहीही नव्हतं. घर म्हटल्यावर जे जे डोळ्यांपुढं आलं ते ते त्यांनी आणलं, आणि त्यात स्वतः कुठं आलेच नव्हते.

एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. ड्युटीवरून तशाच, पांढऱ्या साडीत, मनकर्णाबाई बाहेर आल्या.

सूर्यभानरावांनी रूपालीकडे बघितलं. "ममीचा फोन आला होता," रूपाली पुटपुटली. "तिनं आवाज नाही चढवला पप्पा. शांतपणे विचारलं. मैं क्या करती?"

मनकर्णाबाई उंबऱ्याशी येऊन थांबल्या. आपली साडी, आपला पोळपाट, आपले दोन कप त्यांनी ओळखले. चेहरा जरासा सैल पडला. (दुसरी बाई नव्हती, एवढं निघालं.)

"ओनर अम्मा?" मॅडम म्हणाल्या. "आइए ना अंदर. आप का घर है."

"अभी नहीं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि तिथंच त्यांची नजर मोठ्या भिंतीकडे गेली. त्यावर कुठल्याशा फटाकेवाल्याचं कॅलेंडर लोंबत होतं. खाली हातोडी पडली होती.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "खिळा ठोकला तुम्ही?"

तेव्हा कुठं सूर्यभानरावांना आठवलं. पहिला खिळा! सहा घरं, कपाटं, ट्रंका, फ्रिज, आणि अखेरीला आपली भिंत. तिच्यावर पहिला मान फटाकेवाल्याच्या कॅलेंडराला द्यायला ते निघाले होते. समोर उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी सासऱ्यांच्या मयतीनंतर आज पहिल्यांदा बघितलं. सूट, घरपट्टी, सरकार सगळं त्या क्षणी चुलीत गेलं.

सूर्यभानरावांनी नुसता अंगठा वर केला. तो सुजून वांग्यासारखा झाला होता.

मनकर्णाबाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी जमिनीवरचे वाकडे खिळे बघितले, खिडकीची कडी बघितली, सुतळी बघितली.

"भिंतीत एकही गेला नाही?"

"एकही नाही. शपथेवर सांगतो. मला येतंच नाही ते."

मनकर्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या नालायकपणाबद्दल जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. "हात इकडं करा," त्या म्हणाल्या. आत त्या येणार नव्हत्या, म्हणून सूर्यभानरावांनी उंबऱ्याबाहेर हात काढला. त्यांनी अंगठा दाबून बघितला. "मोडला नाही. बर्फ लावा." मग त्या मॅडमकडे वळल्या.

"मैडम, हम इधर नहीं रहते. ये सब झूठ है. लोणचा सच्चा है, वो मैं डाली. बाकी सब झूठ."

"अगं..." सूर्यभानराव म्हणाले.

"चौदह अप्रैल को आएंगे. इसी हॉल में बैठ को पंचशील लेना है. चौथा शील क्या है? झूठ नहीं बोलना. घर में पैर रखने के पहले ही तोड़ दिए, तो फिर वो शील कौन से मुँह से लेना? आप लिखो, नहीं रहते. सूट गई तो गई."

सूर्यभानराव बघत राहिले. त्यांच्या बायकोच्या पायातल्या पांढऱ्या चपला उंबऱ्याच्या बरोबर अलीकडे होत्या, एक बोटही पुढं नव्हत्या. स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून ही बाई स्वतःचं नुकसान असं सहज सांगत होती, जसं कुणी पत्ता सांगावा. नवव्या मजल्यावरून पहिल्यांदा घोडे बघताना ते जसे कठड्याशी खिळून राहिले होते तसेच आता उभे राहिले. इतकी वर्षं आपण या बाईबरोबर जेवलो, झोपलो, भांडलो, आणि ही इतकी उंच आहे हे आपल्या ध्यानातच आलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना तिचा फार अभिमान वाटला.

सुजाता मॅडमनीही हेल्मेट खाली ठेवलं. त्या काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर टिंग वाजलं, मग लागोपाठ टिंग टिंग टिंग. त्यांनी वाचलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

"बढ़ गया अम्मा! सितंबर तक बढ़ गया! आप आराम से आओ. मैं बाद में आ को देखती."

सूर्यभानराव हळूहळू सतरंजीवर बसले. सगळ्या नोकरीत एकदा, फक्त एकदा, त्यांनी मुदतवाढीवर विश्वास ठेवला नव्हता.

(लक्ष्मणरावांना दुसऱ्या दिवशी त्यांनी जाब विचारला. "मैं तो ऐसे ही बोला साब," लक्ष्मणराव डबा उघडत म्हणाले. "सब आप को पूछते, मेरे को कोई नहीं पूछता.")

चौदा एप्रिलला फोटो आत गेला. मनकर्णाबाईंनी तो छातीशी धरला होता, मागं भंतेजी, मागं नांदेडहून आलेले बाईंचे भाऊ, रूपाली, आणि सगळ्यांत मागं मेणबत्त्यांची पिशवी घेऊन सूर्यभानराव. भावानं ड्रिल मशीननं भोक पाडलं, त्यात लाकडी गुल्ली बसवली, आणि खिळा मनकर्णाबाईंनी स्वतः ठोकला. दोन घावांत बसला. फोटो लागला. मग त्या चार पावलं मागं आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. आख्ख्या भिंतीवर तेवढा एकच फोटो, आणि ती भिंत कुणाच्या परवानगीची नव्हती. रूपालीनं मोबाइलसुद्धा काढला नाही. चौथं शील आलं तेव्हा मनकर्णाबाईंनी जरासं वळून मागं बघितलं, आणि सूर्यभानराव इतरांपेक्षा थोडं मोठ्यानं म्हणाले.

मे महिन्यात सुजाता मॅडम पुन्हा आल्या. गॅसवर चहा उकळत होता, बाल्कनीत ओली साडी ठिबकत होती. मॅडमनी समाधानानं मोबाइलवर टिपायला सुरुवात केली. मालकीण राहतात. मुलगी राहते. मग त्यांनी हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या सूर्यभानरावांकडे बघितलं. तेही या वेळी तयारीनं, आपला चष्म्याचा डबा, तंबाखूची डबी, दाढीचा ब्रश असं सगळं समोर टीपॉयवर मांडून ताठ बसले होते.

"और साब?" मॅडमनी विचारलं. "साब भी इधर पक्का रहते?"

"साब?" मनकर्णाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "साब टेंपरवारी हैं. मैं मुद्दत बढ़ाते रहती."

"अभी कब तक है?"

मनकर्णाबाईंनी टीपॉयवरच्या तंबाखूच्या डबीकडे एकदा बघितलं.

"सितंबर."